एकोणिसांपैकी एक

सव्वीस नावांची यादी सकाळी सव्वाअकराला आली. ऋजुता परुळेकरने ती पडद्यावर एकदा वरून खाली वाचली, एकदा खालून वर. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि सहीच्या चौकटीकडे बोट नेलं.

"थांब जरा," टेबलापलीकडून फरीदा मुकादम म्हणाल्या. आजऱ्याजवळच्या या उभयचर आश्रयकेंद्राच्या त्या संचालक. ऋजुताहून दहा वर्षांनी मोठ्या, रत्नागिरीच्या, कमी बोलणाऱ्या. "उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे. वेळ हवा असेल तर घे."

"उद्या यादी बदलणार आहे का?"

"नाही."

"मग आजच करते."

तिने सही केली. एक वाजता डबा उघडला. मटकीची उसळ आणि दोन पोळ्या खाल्ल्या, डबा धुऊन उपडा ठेवला. आपल्याला काहीतरी व्हायला हवं होतं, असं तिला डबा धुताना वाटलं. पण काही झालं नाही. यादीत झुडूपबेडकांच्या गटापुढे एकच खोली लिहिलेली होती. त्या गटात एकोणीस जाती होत्या. एकोणीसच्या एकोणीस तिच्या वडिलांनी शोधल्या होत्या आणि त्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती.

ते वर्ष २०४१. कातडीबुरशी जगाला नवी नव्हती. दूरच्या देशांत तिने पूर्वीच बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्या होत्या. आपल्याकडे ती होती, पण का कोण जाणे, गप्प होती. मग तिचा उष्णता सोसणारा एक नवा वाण निघाला आणि दोन पावसाळ्यांत सह्याद्रीच्या दक्षिण टोकापासून वर सरकत आला. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. श्वासही बराचसा तिथूनच घेतो. बुरशी त्या कातडीत शिरली की रक्तातल्या क्षारांचा तोल जातो आणि एक दिवस हृदय थांबतं. बेडूक बसल्या जागी मरतो. जखम नाही, रक्त नाही.

उत्तर सह्याद्रीत उभयचरांच्या एकसष्ट जाती होत्या. आश्रयकेंद्रात खोल्या सव्वीस. प्रत्येक खोलीची हवा वेगळी, पाणी वेगळं, कपडे वेगळे. एका खोलीत एकाच जातीचे दोनशे जीव. त्याहून कमी ठेवले तर पुढच्या पिढ्या जवळच्या नात्यातल्या विणीमुळे दुबळ्या होतात. दोन जाती एकत्र ठेवल्या, तर एकीचा रोग दुसरीला किंवा दोघींचा संकर. म्हणजे पस्तीस जाती बाहेर राहणार होत्या.

कोणत्या पस्तीस, यावर आधी वर्षभर बैठका झाल्या. कुणाला भित्तिपत्रकावर शोभणारा रंगीत बेडूक हवा होता, कुणाला आपल्या तालुक्याच्या नावाचा. शेवटी ऋजुतानेच चार पानांचं टिपण लिहिलं होतं. तिचं म्हणणं असं की सगळ्या जाती सारख्या मोजायच्या नाहीत. प्रत्येक जात म्हणजे वंशवृक्षाच्या एका फांदीचं टोक. दोन जातींचा शेवटचा समान पूर्वज वीस लाख वर्षांपूर्वीचा असेल, तर एक जात गेली तरी तिचा वीस लाख वर्षांपूर्वीपर्यंतचा सगळा वारसा दुसरीत शिल्लक असतो. जातात फक्त शेवटची वीस लाख वर्षं. पण एखादी जात आपल्या फांदीवर एकटीच असेल, तर तिच्याबरोबर अख्खी फांदी जाते. तेव्हा फांद्यांची लांबी मोजा आणि सव्वीस खोल्यांत जास्तीत जास्त लांबी वाचवा.

हे मोजणं पूर्वी अशक्य होतं. वंशमापक आल्यावर ते एका दिवसाचं काम झालं. कपाटाएवढं ते यंत्र. त्यात चमचाभर चिखल किंवा ओढ्याचं पाणी घालायचं. तिथून गेलेल्या प्रत्येक जिवाच्या कातडीचे, विष्ठेचे कण त्यात असतात. त्यातली जनुकं यंत्र वाचतं, एकमेकांशी ताडून पाहतं आणि कोण कुणापासून किती वर्षांपूर्वी वेगळं झालं, ते सांगतं. झुडूपबेडकांच्या एकोणीस जाती गेल्या तीस लाख वर्षांत फुटलेल्या निघाल्या. अठरा गेल्या तर साडेतीन कोटी वर्षांच्या फांद्या तुटणार होत्या. आणि आंबोलीच्या मातीत राहणारं एक देवगांडूळ, जे दिसायला गांडूळ पण मुळात बेडकांचा पाय नसलेला दूरचा भाऊबंद, ते आपल्या जवळच्या नातलगापासून नऊ कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालेलं निघालं. ते एकटं गेलं की नऊ कोटी वर्षं गेली.

नियम सगळ्यांना पटला. ऋजुताच्या वडिलांनाही. त्या चार पानांतल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका त्यांनीच दुरुस्त केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती केंद्राची जीप घेऊन आंबोलीला गेली. प्रा. दिगंबर परुळेकर निवृत्तीनंतर तिथेच राहत होते. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत. घरात ते एकटेच. ऋजुताची आई सुमती जाऊन अकरा वर्षं झाली होती. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. सुट्टी लागली की वडिलांबरोबर रानात जायची आणि ध्वनिमुद्रण चालू असताना त्यांच्या यंत्रावर छत्री धरून उभी राहायची. पंधराव्या बेडकाला वडिलांनी तिचं नाव दिलं, तेव्हा ती म्हणाली होती, "अंगठ्याएवढा बेडूक, आणि नाव माझं!" पण त्या शोधनिबंधाचं पान तिने शाळेच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

"भाई," ऋजुता म्हणाली, "यादी झाली."

भाईंनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. "आमचे किती?"

"एक."

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. अंगणात धुकं होतं आणि धुक्यात वाळत घातलेला टॉवेल तीन दिवसांपासून ओलाच होता.

"हिशेब आणलायस?"

तिने जाड गठ्ठा पुढे ठेवला. वडील पडद्यावर वाचणार नाहीत हे माहीत असल्यामुळे तिने तो छापूनच आणला होता. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि पेन्सिल हातात घेतली. ऋजुता स्वयंपाकघरात गेली, पिठलं-भात केला. ते जेवले आणि पुन्हा वाचायला बसले.

तीन दिवस ते वाचत होते. ती रोज केंद्रातून संध्याकाळी येई, पेन्सिलीच्या खुणा वाढलेल्या दिसत. चौथ्या दिवशी त्यांनी गठ्ठा मिटला.

"मला वाटलं होतं, चूक सापडेल," ते म्हणाले. "नाही सापडली. काळ बरोबर काढलाय. मी सांगाड्यांवरून आणि आवाजांवरून अंदाज केला होता चाळीस लाख वर्षांचा. यंत्र तीस म्हणतं. यंत्राचंच खरं असणार."

"हो."

"पण एक विचारतो. फांदीची लांबी मोजलीस. फांदी किती वेगानं फुटते, ते मोजलंस का? तुझ्या देवगांडुळाच्या घरात नऊ कोटी वर्षांत एक जात. माझ्या बेडकांच्या घरात तीस लाख वर्षांत एकोणीस. एक डोंगर बदलला की यांचा आवाज बदलतो. आवाज बदलला की माद्या ओळखत नाहीत, आणि नवी जात सुरू होते. हे आत्ता चालू आहे, आपल्या डोळ्यांदेखत. तू जे झालं ते वाचवतेयस. जे व्हायचं आहे ते सोडतेयस."

हा प्रश्न ती दोन वर्षं स्वतःला विचारत होती, त्यामुळे उत्तर तयार होतं. ते सांगताना तिला आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"त्या घरात किती जाती झाल्या आणि मेल्या, ते आपल्याला दिसत नाही, भाई. आपल्याला फक्त उरलेली दिसते. आणि तुमच्या एकोणिसांतून पुढे नव्या होतील की एकोणीसही मरतील, ते कोण सांगणार? झालेलं मोजता येतं. होणारं नाही येत."

"बरोबर," भाई म्हणाले. "विद्यार्थ्याला मीही हेच सांगितलं असतं."

मग ऋजुताने आणलेला दुसरा कागद बाहेर काढला. एकोणीस जाती यंत्राच्या लेखी सारख्याच वजनाच्या होत्या. फरक होता तो यंत्राच्या चुकीच्या मर्यादेहून लहान. तेव्हा त्यातली एक निवडायचं काम जाणकाराकडे होतं. आठ दिवसांची मुदत होती. आणि झुडूपबेडकांचा जाणकार देशात एकच होता.

"मी नाही केलं तर?"

"चिठ्ठ्या टाकतील."

भाईंनी कागद घेतला आणि न वाचता खिशात घातला.

त्या आठवड्यात ते रोज दिवेलागणीला बाहेर पडत. सोबत शेवंती नाईक. शेवंती आंबोलीचीच, पंचावन्नच्या पुढची. तीस वर्षं ती भाईंबरोबर बेडूक शोधत होती. तिला अक्षरओळख बेताची, पण एकोणीसपैकी सहा जाती पहिल्यांदा तिच्याच हाताला लागल्या होत्या. ती भाईंना हाताला धरून कातळावर नेई, स्टूल मांडून देई. ते बसून ऐकत आणि काही न लिहिता परत येत. ऋजुता एकदा त्यांच्याबरोबर गेली. कातळावरच्या कारवीतून सुमतीचा बेडूक ओरडत होता. काचेवर नख आपटावं तसा बारीक आवाज, तीनदा, मग थांबून पुन्हा तीनदा. भाई डोळे मिटून बसले होते. ते काय निवडणार, हे ऋजुताला तेव्हा कळलं असं वाटलं. बरं वाटलं का, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

आठव्या दिवशी त्यांनी कागद दिला. त्यावर लिहिलं होतं: सात नंबर.

सात नंबर म्हणजे एसटी स्टँडमागच्या गटाराकडेला, कुंड्यांत, पाण्याच्या टाकीखाली कुठेही सापडणारा मातकट बेडूक. आवाज जुन्या शिवणयंत्रासारखा. भाईंनी त्याला शोधलं तेव्हा त्याच्या निबंधाला कुणी विचारलंही नव्हतं.

"सात?" ती म्हणाली.

"तो कुंडीत अंडी घालतो. पाच अंश इकडे-तिकडे झाले तरी चालवून घेतो. समोर येईल ते खातो. दोनशे वर्षं काचेत राहून बाहेर पडायची वेळ आली, तर तोच जगेल. यातून पुन्हा फुटायचं असेल काही, तर त्याच्यातूनच फुटेल."

"आणि आईचा?"

"त्याला कारवी लागते, धुकं लागतं, कातळ लागतो. तुझ्या खोलीत महिन्यात मरेल."

"प्रयत्न तर करता येईल."

"एका खोलीत प्रयत्न नाही करायचा, ऋजू. नाव मी दिलं त्याला. म्हणून तो तुझ्या आईचा कुणी लागत नाही." हे बोलून ते उठले आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजले. दुपारचे चार वाजले होते.

ऋजुताने फोनवरूनच नाव भरून टाकलं.

सात नंबरचे दोनशे बेडूक सहा दिवसांत जमले. प्रत्येकाच्या पोटावरून कापूस फिरवून बुरशीची चाचणी झाली. एकही रोगी निघाला नाही. केंद्राची माणसं ते घेऊन गेली. त्या दिवसापासून कुठलाही बेडूक जागचा हलवायला बंदी आली, कारण हलवणाऱ्याच्या हातातूनच रोग पसरतो. आंबोलीत तसे फलकही लागले.

फलक लागल्यानंतर चार दिवसांनी ऋजुता केंद्राकडे परत निघाली असताना शेवंती रस्त्यात आडवी आली. पदराखाली एक डबा होता. झाकणाला भोकं पाडलेली, आत ओलं शेवाळ.

"तुझ्या आवशीचे आसत," ती म्हणाली. "अकरा. सरांका सांगू नको."

"शेवंतीमावशी, बंदी आहे. मला घेता येत नाही."

"तुझ्याच हातात चावये आसत मगे बंदी कोणाक? घाल खंयतरी कोपऱ्यात. अंगठ्याएवढे ते, कोणाच्या नजरेक येवचे नाय." ऋजुताने हात पुढे केला नाही, तशी शेवंतीने डबा जीपच्या सीटवर ठेवला. "ती छत्री धरून उभी ऱ्हवायची. मी बॅटरी धरायचंय. मी काय मागलंय तुज्याकडे इतक्या वर्षांत?"

ती मागे न बघता निघून गेली.

आजऱ्यापर्यंत तासाभराचा रस्ता. डबा शेजारच्या सीटवर होता. खड्डा आला की ऋजुता त्यावर हात ठेवी. गावसे गाव ओलांडताना आतून एकदा आवाज आला. काचेवर नख आपटल्यासारखा, तीनदा.

केंद्राच्या फाटकापाशी चाचणीची खोली होती. पहारेकऱ्याने तिला पाहून दार उघडलं. तिची झडती कुणी घेत नसे. सात नंबरच्या खोलीची चावी तिच्या गळ्यात होती. तिने डबा टेबलावर ठेवला, हातमोजे घातले आणि अकरा बेडकांच्या पोटांवरून अकरा कापूस फिरवून ते चाचणीच्या नळ्यांत बुडवले. चाचणीला चाळीस मिनिटं लागतात. ती खुर्चीवर बसून राहिली. चाचणी स्वच्छ निघाली असती तर आपण काय केलं असतं, हे तिला नंतरही कधी सांगता आलं नाही.

तीन नळ्या जांभळ्या झाल्या.

तीन रोगी, म्हणजे एकाच डब्यातले अकराही रोगी. नियम तिनेच लिहिलेला होता. तिने बशीत बधिर करणारं औषध ओतलं, पाणी मिसळलं आणि एकेक बेडूक त्यात सोडला. पाचव्या मिनिटाला त्यांचे पाय सैल पडले. पंधराव्या मिनिटाला तिने भिंगाखाली छातीचे ठोके पाहिले, एकाचेही नव्हते. मग तिने ते अकरा जीव मद्यार्काच्या बाटल्यांत ठेवले, डबा आणि शेवाळ भट्टीत टाकलं, टेबल तीनदा पुसलं आणि फरीदांना फोन केला.

"आंबोलीच्या कातळावर रोग पोचलाय," ती म्हणाली. "आजचा नमुना आहे."

"नमुना कुणी आणला?"

"मी."

"तू ठीक आहेस ना?"

"हो. अहवाल तासाभरात पाठवते."

भाईंना तिने दुसऱ्या दिवशी समोर बसून सांगितलं. शेवंतीचं नाव घेतलं नाही, पण त्यांना ते कळलं असावं. ते खुर्चीत ताठ बसून ऐकत होते.

"किती?"

"अकरा."

"मापं घेतलीस?"

"हो. नाकाच्या टोकापासून बुडापर्यंत, आणि मांडी."

"नर किती?"

"आठ."

"कातळावर वर की खाली, ओढ्याकडे?"

"ते विचारायचं राहिलं."

"ते विचारायला हवं होतं," भाई म्हणाले. मग त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "न तपासता आत सोडले असतेस तर सात नंबरही गेला असता."

"हो."

"म्हणजे योग्यच केलंस."

"हो."

"आता तू जा. मी फोन केला की ये."

त्यांनी फोन केला नाही. ऋजुता आठवड्यातून एकदा करी, तर ते उचलत, प्रकृती बरी आहे म्हणत आणि ठेवत. शेवंती तेवढंही बोलत नव्हती. ऋजुता जीपने जाताना दिसली, की ती रस्त्याच्या कडेला वळून उभी राही.

पहिल्या पावसाळ्यात पाच जाती गप्प झाल्या. दुसऱ्यात नऊ. भाईंनी वऱ्हांड्यात एक वही ठेवली होती, आणि शेवंतीच्या हातून ते ती महिन्याअखेरीस केंद्राकडे पाठवत. त्यात रोजची तारीख आणि ऐकू आलेल्या आवाजांचे नंबर. दुसरं अक्षर नाही. पंधरा नंबर शेवटचा लिहिलेला होता तो पहिल्या वर्षीच्या ऑगस्टात. ऋजुता वही तपासून नोंदी यंत्रात भरी. नोंद भरताना कधीकधी ती थांबे, काहीतरी येईल म्हणून वाट बघे, आणि काही न आल्यावर पुढची ओळ घेई. फरीदांनी तिला दोनदा रजेवर पाठवायचा प्रयत्न केला. रजेवर जाऊन काय करू, असं तिने विचारलं.

केंद्रातला सात नंबर मात्र भाई म्हणाले होते तसा वागला. पहिल्या वर्षी तीनशे पिल्लं झाली. त्याच्या खोलीत गेलं की शिवणकामाच्या कारखान्यात आल्यासारखं वाटे.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात केंद्राच्या फाटकाशी एक रिक्षा उभी राहिली. भाई उतरले, मागून शेवंती. फाटकावरच्या माणसाने ऋजुताला बोलावलं. तिने बाहेर येऊन पाहिलं तर भाई काठीवर वाकून उभे होते. सव्वा वर्षात खूप उतरले होते.

"भाई! फोन करायचा होता. मी गाडी पाठवली असती."

"कातळावर आता काही राहिलं नाही," ते म्हणाले. "वहीत लिहायला काही नाही. म्हटलं, तुझं ते नऊ कोटीवालं बघून यावं. चाळीस वर्षं त्याच्यावर पाय ठेवून चाललो. एकदाही खाली वाकून बघितलं नाही."

शेवंती फाटकाबाहेरच्या बाकावर बसली. ऋजुताने तिला आत बोलावलं, तर ती म्हणाली, "माका हयच बरा आसा." पण या वेळी तिने मान फिरवली नव्हती.

कपडे बदलून, पाय धुऊन, वेगळ्या चपला घालून भाईंना आत न्यायला अर्धा तास लागला. देवगांडुळाची खोली अंधारी होती. एका कोपऱ्यात मंद लाल दिवा, कारण तो देवगांडुळांना जाणवत नाही. काचेच्या उभ्या पेटीत माती भरलेली, आणि काचेला लागून मातीत एक पोकळी. तिच्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची, राखी-जांभळी, वळ्यावळ्यांची एक मादी वेटोळं घालून पडली होती. वेटोळ्याच्या आत वाटाण्याएवढी नऊ अंडी, एका चिकट दोऱ्यात ओवल्यासारखी.

भाईंनी चष्मा वर सरकवला आणि कपाळ जवळजवळ काचेला टेकवलं.

"जिवंत आहे?"

"आहे. नीट बघा, अधूनमधून अंडी फिरवते."

ते बघत राहिले. पाचेक मिनिटांनी मादीच्या अंगातून एक बारीक लाट गेली, अंडी किंचित सरकली आणि वेटोळं पुन्हा आवळलं.

"चार दहा," ऋजुता सवयीने घड्याळ बघून म्हणाली.

"खाते काय?"

"काही नाही. अंडी घातल्यापासून बावन्न दिवस झाले. पुढ्यात गांडूळ सोडलं तरी तोंड लावत नाही."

"अजून किती दिवस?"

"अंदाजे चाळीस. अंड्यांतून थेट पिल्लंच निघतात, तुमच्या झुडूपबेडकांसारखी. हिचे डोळे कातडीखाली झाकलेले आहेत. तिला दिसत नाही, ऐकूही फारसं येत नाही."

"शेजारी कुणी दुसऱ्या मादीची अंडी आणून ठेवली तर? तिला कळेल?"

ऋजुताने विचार केला. "माहीत नाही."

"कुणी बघितलंय?"

"कुणीच नाही, भाई. या जातीबद्दल चार ओळी लिहिलेल्या आहेत सगळ्या मिळून. त्यातल्या दोन मी लिहिल्यात, आणि त्या तिच्या फांदीच्या लांबीबद्दल आहेत."

"नऊ कोटी वर्षं," भाई म्हणाले, "आणि चार ओळी."

ते काठी भिंतीला टेकवून ठेवायला लागले, तर ती घसरून पडली. ऋजुता ती उचलायला वाकली आणि सरळ होताना तिचा हात भाईंच्या खांद्याला लागला. सदऱ्याखाली नुसतं हाड होतं. तिने हात तिथेच ठेवला. आणि तिला एकदम काहीतरी झालं. इतक्या दिवसांनी ते काय आहे, हे तिला पटकन ओळखता आलं नाही.

"भाई, ते अकरा..." ती म्हणाली.

"हं," भाई म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही, पण खांद्यावरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि तसाच राहू दिला. लाल उजेडात दोघांची बोटं एकाच रंगाची दिसत होती.

मादीच्या अंगातून पुन्हा लाट गेली.

"किती वाजले?" भाईंनी विचारलं.

"चार सतरा."

"मघाशी चार दहा होते. सात मिनिटं. आता पुढची किती मिनिटांनी ते बघायचं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "कागद आहे का कुठे? आणि बसायला काहीतरी दे. हे उभ्यानं व्हायचं नाही."

ऋजुताने कोपऱ्यातलं स्टूल त्यांना आणून दिलं, ते बसेपर्यंत कोपर धरलं. नोंदींच्या तक्त्यामागचा कोरा कागद काढला, आणि खिशातलं पेन. मग तिने बाहेर जाऊन शेवंतीला हाक मारली, दोघींचे कपडे-चपला बदलून झाल्यावर तिच्यासाठी एक आणि स्वतःसाठी एक अशी दोन स्टुलं उचलली आणि तिला घेऊन आत आली.